कचेरीचे टपाल खासगी फोनवर

नोकरीवर रुजू होणाऱ्या माणसाकडून पूर्वी पहिल्या दिवशी ज्या कागदांवर सह्या घेतल्या जात, त्यांत भविष्य निर्वाह निधीचा अर्ज, वारसाची नोंद आणि ओळखपत्राची पावती एवढाच ऐवज असे. आता त्यांच्या जोडीला एक नवा संमतिलेख आला आहे, आणि तो कागदावर नसून ज्याने त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या फोनच्या पडद्यावर उमटतो. वाचावयास तो लांबलचक असतो. अंगठ्याने वर सारून 'स्वीकार' या अक्षरांवर बोट टेकविण्यास मात्र क्षणही लागत नाही. कचेरीची ई-मेल आपल्या फोनवर दिसावी एवढ्याच हेतूने मनुष्य तो मान्य करतो, आणि त्यायोगे आपण कोणता अधिकार कोणाच्या स्वाधीन केला याची चौकशी करण्याचे त्याच्या मनातही येत नाही. आयटी विभागातील ज्या तरुणाने त्याला "सर, नेक्स्ट-नेक्स्ट करत जा" असे सांगितलेले असते, त्याच्यापुढे तशाच आणखी वीस जणांची रांग असल्यामुळे, त्यालाही समजावून सांगण्यास सवड नसते. या प्रकरणात तो संमतिलेख सावकाश वाचावा असा बेत आहे. कारण फोनवरील टपालाची सुरक्षितता बिकट पासवर्डावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती या एका पडद्यावर ठरलेल्या सरहद्दीवर अवलंबून आहे.

ही सरहद्द आखण्याची वेळ का आली, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह घातले, तेव्हा, आणि १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी टपाल वाहून नेण्याचे एसएमटीपी नावाचे नियम लिहून काढले तेव्हाही, वाटेत कोणी पत्र उघडून वाचील ही धास्ती फारशी कोणास नव्हती. जाळ्यावर वावरणारी मंडळी बहुतांशी विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील होती. पुढे टपाल व्यापाराचे झाले, व्यापारी मंडळी फिरतीवर असताना ते त्यांच्या हाती पडावे अशी निकड निर्माण झाली, आणि १९९९ साली कॅनडातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन या कंपनीने ब्लॅकबेरी हे यंत्र बाजारात आणले. ही यंत्रे बहुधा कंपनीच विकत घेई, कंपनीच वाटून देई आणि नोकरी सुटली की कंपनीच परत मागून घेई. यंत्र ज्याचे त्याचा अंमल, इतका हा व्यवहार सरळ होता. २००७ साली आयफोन आला, पुढच्याच वर्षी जुलै महिन्यात त्यावर मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरचे टपाल उतरू लागले, आणि मग बड्या साहेबांनी हौसेने घेतलेला स्वतःचा फोन टेबलावर ठेवून "यावर मेल चालू करून द्या" असा हुकूम सोडण्यास प्रारंभ केला. मार्च २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले काम केले: जे टपाल तोवर साहेबांच्या खिशात होते, ते कारकुनाच्या, लेखापालाच्या आणि नुकत्या लागलेल्या उमेदवाराच्याही खिशात जाऊन बसले. आता दप्तर कचेरीचे आणि ते ज्यात ठेवावयाचे ती पेटी नोकराची, अशी विचित्र स्थिती झाली आहे.

कचेरीची यावरील पहिली तोड रांगडी होती. फोन हरवला तर त्यातील पत्रे परक्याच्या हाती पडू नयेत, म्हणून एक्स्चेंज सर्व्हरच्या २००५ सालच्या सुधारणेत, दूर बसून हुकूम सोडताच फोन कोरा करण्याची सोय करण्यात आली; आणि कोरा म्हणजे सर्वस्वी कोरा, म्हणजे कचेरीच्या पत्रांबरोबर लग्नातली छायाचित्रे, दूरध्वनीची वही आणि आईने पाठविलेले आवाजातले निरोपही गेले. जुन्या धर्तीच्या मेल ॲपमधून खाते जोडू लागले की आजही अँड्रॉइड फोनवर 'डिव्हाइस ॲडमिन' नावाचा एक पडदा येतो. वाचकांनी तो एकदा तरी थांबून वाचावा. त्यावर ओळीने लिहिलेले असते की, या ॲपला सर्व डेटा मिटविता येईल, पासवर्डाचे नियम ठरविता येतील, कुलूप उघडण्याच्या प्रयत्नांवर नजर ठेवता येईल, पडदा हवा तेव्हा बंद करता येईल आणि कॅमेराही वापरण्यास मनाई करता येईल. यातील पहिल्या ओळीचा अर्थ असा की, आपल्या घरच्या वस्तूवर जप्ती आणण्याचे मुखत्यारपत्र आपण कचेरीस लिहून देत आहोत. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून गूगलने यातील कॅमेरा बंद करण्यासारखे काही अधिकार अशा ॲपांपासून काढून घेतले आहेत. तरीही खासगी फोनवर असे मुखत्यारपत्र लिहून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून शहाणपणाचा मार्ग २०१४ साली अँड्रॉइड ५ बरोबर आला, आणि त्याला आयटीवाले 'वर्क प्रोफाइल' म्हणतात. भाऊबंदांच्या वाटणीत एकाच वाड्यात मधोमध भिंत घालून दोन वेगळी दारे, दोन वेगळी कुलपे आणि दोन वेगळी कोठारे करावीत, तशी ही योजना आहे: फोन एकच, पण त्यात कचेरीसाठी एक स्वतंत्र दालन, ज्यातील माहिती स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध केलेली असते आणि जिच्यापर्यंत खासगी बाजूच्या ॲपांचा हात पोहोचत नाही. कचेरीने फोन पुसण्याचा हुकूम सोडला तर एवढे एक दालन नाहीसे होते. पलीकडील छायाचित्रांस धक्का लागत नाही.

प्रत्यक्षात हे घडते कसे, ते मायक्रोसॉफ्टची इंट्यून ही व्यवस्था वापरणाऱ्या एखाद्या कंपनीच्या उदाहरणाने पाहू. प्ले स्टोअरवरून 'कंपनी पोर्टल' नावाचे ॲप उतरवून घ्यावयाचे, त्यात कचेरीचा ई-मेल पत्ता घालावयाचा आणि कंपनीच्या पानावर पासवर्ड देऊन आपली ओळख पटवावयाची, इतके झाले की जो पडदा समोर येतो, तो या सर्व खटाटोपातील सर्वांत मोलाचा होय, कारण त्यावर आपली संस्था काय पाहू शकते आणि काय पाहू शकत नाही, याची यादी दिलेली असते. फोनची बनावट, नमुना आणि त्यावरील अँड्रॉइडची आवृत्ती ही संस्थेस दिसते; आपण कोणाशी बोललो, कोणते संकेतस्थळ पाहिले, खासगी निरोप, छायाचित्रे, पासवर्ड ही तिला दिसत नाहीत. वर्क प्रोफाइलच्या बाबतीत खासगी बाजूला कोणती ॲपे आहेत हेही तिला कळत नाही, आणि अँड्रॉइड १२ पासून तर अशा खासगी मालकीच्या फोनचा आयएमईआय क्रमांकही तिच्यापासून झाकलेला राहतो. ही यादी वाचून पुढे गेले की फोन काही मिनिटे स्वतःशीच काम करीत बसतो. मग ॲपांच्या पानावर 'पर्सनल' आणि 'वर्क' असे दोन भाग दिसू लागतात, आणि दुसऱ्या भागातील प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात एक इवलीशी ब्रीफकेस आलेली असते. प्ले स्टोअरही दोन होतात. ब्रीफकेस असलेल्या स्टोअरात कंपनीने मंजूर केलेलीच ॲपे मिळतात. आउटलुक घ्यावयाचे ते त्याच स्टोअरातून घ्यावयाचे. खासगी बाजूस आधीपासून असलेले आउटलुक उघडून त्यातच पुन्हापुन्हा पासवर्ड घालीत राहणे आणि "मेल सिंक होत नाही" म्हणून आयटीला फोन लावणे, ही येथे सर्वांत सामान्य आढळणारी चूक आहे.

भिंतीचा प्रत्यय पहिल्याच दिवशी येतो. कचेरीच्या पत्रातील चार ओळी उचलून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवू गेल्यास बहुधा नकार मिळतो. स्क्रीनशॉट घेऊ गेल्यास तेथेही पुष्कळदा मनाई असते. कचेरीतील सहकाऱ्यांचे क्रमांक व्हॉट्सॲपला दिसत नाहीत. या अडवणुकीवर लोक चिडतात आणि मग ज्याला खरोखर धोक्याचा म्हणावा असा आडमार्ग धरतात: सगळे टपाल आपल्या खासगी जीमेलकडे वळते करून घेतात, किंवा संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र काढून ते गटावर टाकतात. भारत सरकारच्या २०१५ साली अधिसूचित झालेल्या ई-मेल धोरणाने आपल्या कर्मचाऱ्यांस सरकारी खात्यातील पत्रे बाहेरील खासगी खात्याकडे पाठविण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी. खासगी कंपन्यांच्या सेवानियमांतही असे कलम बहुधा सापडते, फक्त ते कोणी वाचलेले नसते.

आयफोनवर ब्रीफकेस दिसत नाही, पण २०१९ सालच्या आयओएस १३ पासून तेथेही कचेरीची माहिती वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या किल्लीखाली ठेवण्याची सोय झाली आहे. याखेरीज एक तिसरी, सर्वांत हलकी पद्धत आहे. तीत संपूर्ण फोनची नोंदणी न करता केवळ आउटलुकसारख्या ॲपापुरतेच नियम लावले जातात: ते उघडण्यास वेगळा पिन, त्यातून मजकूर बाहेर नेण्यास बंदी, आणि गरज पडल्यास त्यातील कचेरीचा तेवढा मजकूर पुसण्याचा अधिकार. ज्याला फोनवर केवळ पत्रे आणि बैठकींच्या वेळा पाहावयाच्या आहेत, त्याला ही तिसरी पद्धत पुरते. कचेरीतील इतर ॲपेही ज्याला वापरावी लागतात, त्याने वर्क प्रोफाइल घ्यावे. आणि जी कचेरी या दोहोंवर न भागता संपूर्ण फोनवर अंमल मागते, तिच्याकडे कचेरीच्या खर्चाचा फोन मागावा. ही मागणी उद्धटपणाची नाही.

मात्र एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. फोनवरील खासगीपण शाबूत राहिले याचा अर्थ पत्रेही खासगी राहिली असा नव्हे. पत्र सर्व्हरवर असते, सर्व्हर कचेरीच्या ताब्यात असतो, आणि कचेरीच्या पत्त्यावरून बायकोला पाठविलेले पत्र तपासणीत निघाले तर त्याला फोनमधील कोणतीही भिंत आडवी येत नाही. कचेरीच्या वाय-फायवर असताना आपण कोणत्या संकेतस्थळांकडे जातो याचीही नोंद त्या जाळ्यावर राहू शकते, मग फोन कोणाचाही असो.

आता ओळख पटविण्याची बाब. पूर्वी मेल ॲपात पासवर्ड एकदा साठवला की ते दर खेपेस तोच सर्व्हरकडे नेऊन देत असे. तो पासवर्ड चोरीस गेला की चोरही त्याच दाराने आत येई. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून ही जुनी पद्धत आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत बंद करण्यास सुरुवात केली, आणि कित्येकांच्या जुन्या फोनवरील टपाल तेव्हा खंडित झाले. नव्या पद्धतीत पासवर्ड केवळ कंपनीच्या पानावर द्यावयाचा असतो आणि ॲपला मिळते ते मुदतीचे दस्तक. ते दस्तक रद्द केले की फोनवरील टपाल थांबते. त्यातच दुसरा पुरावा म्हणून फोनवर मंजुरी मागणारी सूचना येते. हा बंदोबस्त चांगला आहे, पण त्याला माणसाच्या कंटाळ्याचे छिद्र आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत जी घुसखोरी झाली, तीत कंपनीसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटी माणसाचा पासवर्ड चोराच्या हाती आधीच लागला होता. अडसर होता तो फक्त या मंजुरीचा. चोराने पुन्हापुन्हा प्रवेशाचा प्रयत्न केला, त्या माणसाच्या फोनवर सूचनांमागून सूचना येत राहिल्या, आणि अखेर त्याने एकीला होकार दिला. पुढे मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरमध्ये नुसते 'होय' पुरेनासे झाले. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा दोन आकडी क्रमांक फोनवर लिहावा लागू लागला. आपण स्वतः खाते उघडीत नसताना अशी सूचना आली तर नकार द्यावा, पासवर्ड लगोलग बदलावा आणि आयटीला कळवावे. "मी आयटीतून बोलतोय, तेवढे अप्रूव्ह करा" असे कोणी फोनवर सांगितले तर तो इसम आयटीतला नाही, असे धरून चालावे.

ज्या लहान संस्थांत अशी मोठी यंत्रणा नसते आणि सर्व्हरचे नाव स्वतः लिहून खाते जोडावे लागते, तेथे येणाऱ्या पत्रांसाठी पोर्ट ९९३ आणि जाणाऱ्यांसाठी ४६५ किंवा ५८७ घालून, सुरक्षेच्या रकान्यात टीएलएस असल्याची खात्री करावी. जुन्या अँड्रॉइड मेल ॲपांत याच रकान्यात 'सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा' असा एक पर्याय असे, आणि जोडणी जुळत नसली की कोणी ना कोणी हितचिंतक तोच निवडावयास सांगे. तो निवडल्याने जोडणी जुळते हे खरे; पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे की रेल्वे स्थानकावरील फुकटच्या वाय-फायवर कोणी मध्ये बसविलेला आहे, याची रुजुवात करणे फोन सोडून देतो.

फोनच्या कुलपाविषयी फार लिहावयास नको. चार आकड्यांच्या पिनाच्या शक्यता १०,००० आणि सहा आकड्यांच्या १० लाख, एवढा हिशेब पुरे. याहून दुर्लक्षित गोष्ट निराळीच आहे. चर्चगेटहून सुटलेल्या संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या गर्दीत, हातातील बंद फोनचा पडदा उजळतो आणि त्यावर कचेरीच्या पत्राचा विषय व पहिल्या दोन ओळी झळकतात: अमक्या पक्षाची निविदा किती रकमेची, तमक्याची बदली कोठे. कुलूप शाबूत असते आणि पत्र शेजाऱ्याने वाचलेले असते. सेटिंग्जमध्ये कुलूपबंद पडद्यावर कचेरीच्या सूचनांचा मजकूर झाकण्याची सोय आहे. ती चालू करावी. आपल्याकडे फोन घरातल्या पोरांच्या हातीही सर्रास जातो, म्हणून वर्क प्रोफाइलला वेगळे कुलूप लावण्याचीही जी सोय आहे, ती मुलांना खेळासाठी फोन देणाऱ्या प्रत्येकाने वापरावी, नाहीतर अर्धवट लिहिलेले पत्र थेट महाव्यवस्थापकांकडे रवाना व्हावयाचे.

वर्क प्रोफाइलचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. त्यात एक बटण असते; ते दाबले की कचेरीची सारी ॲपे एका दमात निजतात, सूचना थांबतात आणि चिन्हे करडी पडतात. फ्रान्सने कामाच्या वेळेनंतर अशा टपालापासून मोकळे राहण्याच्या हक्कास १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात स्थान दिले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत या हक्काचे खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. बटण आहे, हक्क नाही, असा आजचा मामला आहे. आणि रात्री दहा वाजता ते बटण दाबण्याचे धैर्य वरिष्ठाच्या स्वभावावर ठरते.

फोन हरवला किंवा चोरीस गेला तर पहिला दूरध्वनी कचेरीच्या आयटी विभागास करावा, कारण तेथून दस्तके रद्द होतात आणि दालन पुसले जाते. तो हुकूम फोन जाळ्याला जोडलेला असेपर्यंतच पोहोचतो, म्हणून येथे विलंब महाग पडतो. त्यानंतर सिमकार्ड बंद करवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. आयएमईआय क्रमांकावरून फोन सर्व जाळ्यांवर अडविण्याची जी सरकारी व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रात प्रयोगादाखल सुरू झाली, ती मे २०२३ पासून 'संचार साथी' या नावाखाली देशभर उपलब्ध आहे. तेथे पोलिसांतील तक्रारीची प्रत आणि आयएमईआय क्रमांक ही दोन्ही लागतात. *#०६# लावले की क्रमांक पडद्यावर येतो; फोन हाती आहे तोवरच तो कागदावर उतरवून घ्यावा, गेल्यावर त्याला विचारणार कोण?

राहता राहिला नोकरी सोडण्याचा प्रसंग. अनेकांनी कचेरीचा ई-मेल पत्ता बँकेत, विम्यात आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरही देऊन ठेवलेला असतो; पत्ता बंद झाला की त्यावर येणाऱ्या सूचना आणि पासवर्ड बदलण्याच्या चिठ्ठ्या अंतराळात जातात, म्हणून ते पत्ते राजीनामा देण्यापूर्वीच बदलावेत. ब्रीफकेसच्या बाजूस चुकून ठेवलेले आपले काही असेल, पगारपत्रके असोत की सहलीची छायाचित्रे, ते रीतसर परवानगीने मागून घ्यावे. वर्क प्रोफाइल सेटिंग्जमधून स्वतःस काढता येते आणि कचेरीलाही दुरून काढता येते. पुष्कळ ठिकाणी कचेरी शेवटच्या दिवशी सायंकाळची वाट पाहत नाही, आणि एकदा काढलेल्या प्रोफाइलमधून फोनवर काहीही परत आणता येत नाही.